जुना वॉलपेपर काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर

चवथ जवळ आली की गोव्यातील घराघरांत साफसफाई आणि रंगकामाची लगबग सुरू होते. माटोळीची जागा पुसली जाते, देवघराच्या भिंतीला रंगाचा नवा हात दिला जातो आणि नेमकी याच वेळी दिवाणखान्यातील वॉलपेपरची उचकटलेली कड घरच्यांच्या नजरेस पडते. काही वर्षांपूर्वी हौसेने लावलेल्या त्या कागदाचे सांधे उघडलेले असतात, खालच्या बाजूस फुगवटे आलेले असतात आणि जवळ गेल्यास कुबट वास येतो. अशा वेळी बहुतेक घरांत दोहोंपैकी एक उपाय होतो. सुटलेला भाग गोंद लावून पुन्हा दाबून बसवला जातो किंवा जुन्या कागदावरच नवा कागद चढवला जातो. दोन्ही उपायांनी भिंत चार दिवस बरी दिसते. परंतु कागद सुटला कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याखालीच दडून राहते.

जुना वॉलपेपर काढणे हे कष्टाचे असले तरी अवघड काम नाही. बादलीभर कोमट पाणी, स्पंज, पुट्टी लावण्याची पत्ती आणि भरपूर सबुरी एवढ्या सामग्रीवर एक भिंत मोकळी होऊ शकते. मात्र काम हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टींचा उलगडा व्हावा लागतो: कागद कोणत्या प्रकारचा आहे, त्याखालील भिंत कशाची आहे आणि त्या दोहोंच्या मध्ये काय साचले आहे. यातील तिसरी गोष्ट घराच्या आयुष्याशी आणि घरातील माणसांच्या आरोग्याशी थेट निगडित आहे.

कागदी भिंतींची पूर्वपीठिका

भिंतीवर नक्षीदार कागद चिकटवण्याची चाल युरोपात पाचशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथील ख्राइस्ट्स कॉलेजच्या वास्तूत १९११ साली सापडलेला छापील कागदाचा तुकडा १५०९ सालच्या सुमाराचा मानला जातो. किमती विणीव पडदे आणि कातडी आच्छादने ज्यांना परवडत नसत, त्यांच्यासाठी कागद हा स्वस्त पर्याय होता. त्याचा प्रसार इतका झाला की ब्रिटनमध्ये १७१२ साली त्यावर कर बसवण्यात आला आणि तो १८३६पर्यंत टिकला. पुढे सलग लांबीचा कागद बनवणारी यंत्रे आली, छपाई यंत्रावर होऊ लागली आणि एकोणिसाव्या शतकात वॉलपेपर सामान्य घरांत पोहोचला.

या लोकप्रियतेला एक काळी बाजूही होती. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७७५ साली तांबे आणि आर्सेनिक यांच्यापासून एक झगझगीत हिरवा रंग तयार केला. ‘शेलेचा हिरवा’ आणि त्यामागून आलेला ‘पन्ना हिरवा’ हे दोन्ही रंग वॉलपेपरच्या छपाईत सढळपणे वापरले गेले. दमट खोल्यांतील हिरव्या कागदामुळे माणसे आजारी पडतात, अशी शंका डॉक्टरांना येऊ लागली. इटालियन वैद्य बार्तोलोमेओ गोझियो याने १८९०च्या दशकात दाखवून दिले की ओल्या भिंतीवर वाढणारी काही प्रकारची बुरशी आर्सेनिकयुक्त रंगद्रव्यापासून लसणासारखा वास येणारा वायू निर्माण करते. हा वायू म्हणजे ट्रायमिथिल आर्सिन, हे पुढे १९३०च्या दशकात सिद्ध झाले. त्या काळी झालेल्या आजारांत या वायूचा वाटा किती आणि रंगाच्या धुळीचा किती, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. आजच्या कागदांत ते रंग नसतात. तरीही ओल, कागद आणि बुरशी एकत्र आली की घराची हवा बिघडते, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

दमट हवेत कागदामागे काय घडते

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. नैर्ऋत्येकडून येणारा वारा हा पाऊस घराच्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींवर आडवा मारतो. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढ्या भेगा असल्या तरी पाणी आत शिरण्यास त्या पुरेशा ठरतात. चिऱ्याच्या जुन्या घरांत आणखी एका वाटेने ओल येते. चिरा हा सच्छिद्र दगड आहे. पायाशी ओलरोधक थर नसेल तर जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत दोन-तीन फूट वर चढते.

भिंत उघडी असेल, तिला चुन्याचा किंवा साधा पाण्यात कालवलेला रंग असेल, तर आत शिरलेली ही ओल पाऊस सरल्यावर हळूहळू हवेत निघून जाते. विनाइलचा वॉलपेपर मात्र प्लास्टिकच्या पातळ पडद्याप्रमाणे वागतो. तो वाफ अडवतो. भिंतीतील ओल बाहेर पडण्याऐवजी कागदाच्या पाठीशी साचते.

वातानुकूलित खोल्यांत हा त्रास अधिक वाढतो. पावसाळ्यात बाहेरचे तापमान २७ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८७ टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. याचा अर्थ, २५ अंशांहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. खोली २२ अंशांवर थंड ठेवली की भिंतीचा आतील पृष्ठभागही त्याच सुमारास येतो. बाहेरून भिंतीतून झिरपत येणारी वाफ विनाइलच्या मागे अडते आणि तेथेच दवाप्रमाणे जमते. थंड सरबताच्या पेल्याबाहेर पाणी सुटते, तोच हा प्रकार. फरक इतकाच की येथे ते डोळ्यांआड सुटते. खळीतील पिष्ट आणि कागदाचे तंतू हे बुरशीचे आयते अन्न असते, तसेच कसर आणि वाळवी यांचेही. म्हणूनच पूर्वीचे पुस्तकबांधणी करणारे कारागीर खळीत चिमूटभर मोरचूद घालीत असत.

भिंतीवर गुलाबी, पिवळसर किंवा काळपट डाग उमटणे, दाबल्यास कागद मऊ लागणे, बंद खोली उघडताच कुबट वास येणे आणि घरातील दमेकऱ्याचा किंवा लहान मुलाचा खोकला विशिष्ट खोलीत वाढणे, ही या दडलेल्या ओलीची लक्षणे होत. ती दिसत असतील तर वॉलपेपर काढणे हा सजावटीचा प्रश्न उरत नाही. ते दुरुस्तीचे पहिले पाऊल ठरते.

काम कोणत्या दिवसांत काढावे

चतुर्थीपूर्वी घर नवे दिसावे ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु श्रावण-भाद्रपदाचे दिवस या कामासाठी सर्वांत गैरसोयीचे असतात. कागद काढताना भिंत पुन्हा भिजवावी लागते आणि भरल्या पावसात ती सुकत नाही. ओल्या भिंतीवर घाईने पुट्टी आणि रंग चढवला तर पुढच्या काही महिन्यांतच तो पापुद्र्यांनी सुटू लागतो. डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. भिंत उघडी करून तिला निदान महिनाभर वारा लागू देता येतो आणि गळतीची दुरुस्ती करून मगच मे महिन्यात रंग देता येतो. चवथीच्या तोंडावर फारच वाईट अवस्था लक्षात आली, तर कुजलेला सुटा भाग तेवढा काढून टाकावा, भिंत पुसून वाऱ्यावर ठेवावी आणि उरलेले काम पाऊस सरल्यावर करावे.

कागद ओळखणे

कागदाचा प्रकार कळला की निम्मे काम सोपे होते. खोलीतील एखादा आडबाजूचा कोपरा, शक्यतो दाराच्या मागचा किंवा कपाटाआडचा, निवडून तेथील कड पत्तीने अलगद उचलावी आणि ओढून पाहावे.

संपूर्ण पट्टा कोरडाच, न फाटता निघत आला, तर तो अविणलेल्या तंतूंचा म्हणजे ‘नॉन-वोव्हन’ कागद होय. त्याला बहुधा पाण्याची गरजच पडत नाही. वरचा चकचकीत थर निघून आला आणि भिंतीवर पांढुरका खरखरीत कागद उरला, तर तो विनाइल लेप असलेला कागद समजावा. तो दोन टप्प्यांत काढावा लागतो. कड लहान लहान तुकड्यांत फाटत असेल, तर तो साधा कागद असतो. त्याला भरपूर भिजवणे हाच उपाय. मागील बाजू हाताला चिकट लागत असेल आणि संपूर्ण थर प्लास्टिकचा असेल, तर तो स्वयंचिकट पट्टा आहे. त्यावर पाण्याचा परिणाम होत नाही.

पाणी आत जाते की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ओला स्पंज कागदावर दाबून दोन मिनिटे थांबावे. कागद गडद झाला तर तो पाणी शोषतो. थेंब ओघळून गेले तर वर जलरोधक थर आहे आणि तो आधी काढल्याशिवाय किंवा त्याला बारीक छिद्रे पाडल्याशिवाय पाणी खळीपर्यंत पोहोचणार नाही.

भिंत ओळखणे

कागदाखाली काय आहे, यावर किती पाणी वापरावे आणि किती जोराने खरवडावे हे ठरते. गेल्या काही दशकांत बांधलेल्या सदनिकांत बहुधा सिमेंटचा गिलावा असतो. तो टणक असल्याने पाणी आणि पत्ती दोन्ही सोसतो. त्यावर पीओपी किंवा जिप्समचा गुळगुळीत थर असेल, तर तो पाण्याने मऊ पडतो आणि पत्तीच्या टोकाने सहज कोरला जातो. नखाने ओरखडा काढून पाहिल्यास पांढरी भुकटी निघते, ही त्याची खूण. जिप्समच्या तक्त्यांच्या आडभिंतीला याहून जपावे लागते. तक्त्यावरील कागदाचा थर फाटला तर भिंतीचाच पृष्ठभाग गेला म्हणून समजावे.

जुन्या गोमंतकीय घरांतील भिंती चिऱ्याच्या, आणि त्यांवरील गिलावा चुन्याचा असतो. किनारपट्टीवर हा चुना शिंपले भाजून केला जात असे. असा गिलावा मऊ असतो, परंतु तो ओल सोडतो आणि शतकभरही टिकतो. त्यावर व्हिनेगरसारखे आम्ल कधीही वापरू नये. चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; आम्लाने तो विरघळतो. मातीचा गिलावा असेल तर पाण्याचा वापर जवळजवळ टाळावा आणि कागद कोरडाच, थोडा थोडा करून काढावा.

पूर्वतयारी

खोलीतील सामान मध्यभागी आणून ताडपत्रीने झाकावे. भिंतीच्या कडेने जमिनीवर आधी प्लास्टिक आणि त्यावर जुन्या चादरी किंवा तागाची पोती अंथरावीत. नुसते प्लास्टिक ओले झाले की निसरडे होते आणि शिडीखाली ते धोक्याचे ठरते.

विजेची खबरदारी सर्वांत महत्त्वाची. ज्या भिंतीवर काम करायचे तिच्यावरील बटणांच्या आणि प्लगच्या पाट्यांचा वीजपुरवठा मुख्य फलकावरून बंद करावा आणि तो खरोखर बंद झाला आहे याची टेस्टरने खात्री करून घ्यावी. कागद बहुधा या पाट्यांच्या कडांखाली दुमडलेला असतो आणि त्यावर शिंपडलेले पाणी नेमके तेथूनच आत उतरते. उजेडासाठी दिवसाचे काम ठेवावे किंवा दुसऱ्या खोलीतून दिवा आणावा.

तीन-चार इंच रुंदीची पत्ती घ्यावी आणि तिचे दोन्ही कोपरे पॉलिश पेपरवर घासून बोथट करावेत. भिंतीत पडणाऱ्या बहुतेक खाचा पत्तीच्या कोपऱ्यांनी पडतात. हातमोजे, चष्मा आणि कुबट वास येत असल्यास एन-९५ मुखपट्टी आवश्यक आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी त्या दिवशी त्या खोलीपासून दूर राहावे.

कामाचा अंदाजही आधी बांधता येतो. बाजारात मिळणारा प्रचलित रोल सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे ५७ चौरस फुटांचा असतो. बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच भिंतीवर असे सात उभे पट्टे बसतात. एकेक पट्टा पूर्ण करीत गेल्यास काम डोळ्यांपुढे सरकत राहते आणि सगळी भिंत एकदम भिजवून ठेवण्याची चूक होत नाही.

काढण्याची कृती

प्रथम जे कोरडे निघते ते काढून घ्यावे. पट्ट्याची खालची कड उचलून कागद वरच्या दिशेने, भिंतीला जवळजवळ समांतर ठेवून ओढावा. स्वतःकडे काटकोनात ओढल्यास कागद फाटतो किंवा गिलाव्याचा पापुद्रा बरोबर घेऊन येतो. विनाइलचा वरचा थर याच रीतीने निघून जातो.

उरलेल्या कागदासाठी बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थोडे थेंब टाकावेत. साबणामुळे पाणी कागदात लवकर मुरते. पाणी कढत घेण्याचे कारण नाही. पिष्टाची खळ कोमट पाण्याने फुगून सुटते. आजच्या कारखानी खळींत वापरले जाणारे मिथिल सेल्युलोज तर थंड पाण्यात विरघळते आणि फार गरम पाण्यात उलट घट्ट होते.

स्पंजाने किंवा हातपंपाच्या फवारणीने एका पट्ट्यावर वरून खाली पाणी लावावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मध्ये सुकू लागल्यास पुन्हा एक हात द्यावा. बहुतेकांचे काम येथेच बिघडते. पाणी मुरण्याआधी खरवडायला सुरुवात होते आणि मग पत्तीवर जोर वाढतो. खळ पुरती भिजली असेल तर पत्ती भिंतीशी तिरपी धरून हलकेच सरकवताच कागद लोळागोळा होऊन खाली येतो. जोर लावावा लागत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की आणखी थोडा वेळ थांबायला हवे.

पाणी आत शिरत नसेल तर दातेरी चकतीच्या हत्याराने किंवा पत्तीच्या कडेने कागदावर उथळ चरे पाडावेत. चरा कागदापुरताच राहावा. जिप्सम किंवा चुन्याच्या भिंतीवर हा उपाय शक्यतो करूच नये. वाफेचे यंत्र भाड्याने मिळत असेल तर सिमेंटच्या गिलाव्यावर, विशेषतः एकावर एक कागदांचे थर असल्यास, ते उपयोगी पडते. त्याची तबकडी एका जागी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक धरू नये. वरून ओघळणारे कढत पाणी हात भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

स्वयंचिकट पट्ट्यांसाठी केस सुकवण्याचे यंत्र पुरते. ते मध्यम उष्णतेवर ठेवून कड गरम करावी आणि चिकट मऊ पडताच पट्टा सावकाश ओढत न्यावा. काही कारागीर खळीऐवजी सुताराचा पांढरा गोंद वापरतात. तो सुकल्यावर पाण्यात सहज सुटत नाही. अशा भिंतीवर कागदाचा थर भिजवून काढावा आणि गोंदाचा थर ओलसर ठेवूनच घासावा.

खळ राहू देऊ नये

कागद निघाला की काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात भिंतीवर खळीचा पातळ, पारदर्शक थर उरलेला असतो. ओला हात फिरवल्यास तो बुळबुळीत लागतो. हाच थर पुढे नव्या रंगाला तडे पाडतो आणि बुरशीला अन्न पुरवतो. औषधपेटीतील आयोडीनचे दोन थेंब पाण्यात मिसळून भिंतीवर टेकवले आणि निळा-काळा डाग उमटला, तर तेथे पिष्टाची खळ शिल्लक आहे, हे शाळेतील प्रयोगाप्रमाणे कळते. चुन्याच्या भिंतीवर आयोडीनचा रंग टिकत नाही. मिथिल सेल्युलोजच्या खळीलाही तो रंग देत नाही. तेथे हाताचा स्पर्श हीच कसोटी.

कोमट साबणपाण्यात बुडवून पिळलेल्या स्पंजाने भिंत घासावी आणि मग दोन वेळा स्वच्छ पाण्याने पुसावी. बादलीतील पाणी गढूळ होताच बदलावे. त्याच पाण्याने पुसत राहिल्यास खळ एका जागेवरून दुसऱ्या जागी पसरते. शेवटी खिडक्या उघडून पंखा लावावा.

बुरशी आढळल्यास

कागदाच्या पाठीवर काळे किंवा हिरवट ठिपके दिसले तर कोरडे खरवडणे तत्काळ थांबवावे. कोरडी बुरशी उडते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू घरभर पसरतात. अशा भागावर आधी पाणी फवारून तो ओला करावा, काढलेला कागद लगेच पिशवीत बंद करावा आणि खोलीचे दार लावून बाहेरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. भिंत साबणपाण्याने धुऊन पूर्ण सुकवावी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार सुमारे दहा चौरस फुटांपर्यंतची बुरशी घरच्या घरी साफ करता येते. त्याहून मोठा भाग असल्यास जाणकाराची मदत घेणे इष्ट.

ब्लीच वापरल्याने डाग फिकट होतो, म्हणून अनेकांचा त्यावर भर असतो. परंतु ओल कायम राहिली तर बुरशी परत येते. ब्लीच वापरलेच, तर ते व्हिनेगर, स्वच्छतागृहाचे आम्ल किंवा अमोनिया असलेल्या द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

भिंत काय सांगते

उघडी पडलेली भिंत हा घराचा एक लेखाच असतो. छताजवळचा डाग गच्चीची किंवा कौलांची गळती दाखवतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतील ओल चौकटीची फट सांगते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग चढलेला पट्टा पायातून येणाऱ्या ओलीचा असतो आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरचा एकच गोलाकार डाग नळाच्या गळतीकडे बोट दाखवतो. भिंतीवर पांढरी खारट भुकटी दिसली तर तिला लोणा लागला आहे. पाण्यात विरघळून आलेले क्षार पाणी उडून गेल्यावर मागे उरतात. तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा. धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत मुरतात.

ओल भिंतीतून येते की खोलीतील हवेतून, याची परीक्षा घरीच करता येते. दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि एक दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतील बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूस जमले तर ती खोलीतील बाष्पाची आहे आणि हवा खेळती ठेवणे हा तिच्यावरचा उपाय आहे.

जुना रंग आणि शिसे

वॉलपेपरखाली बहुधा रंगाचे जुने थर असतात. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली निघाले आणि ते नोव्हेंबर २०१७पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे असण्याचा संभव असतो. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. म्हणून जुना तैलरंग कोरडा घासू नये. तो ओला करून, पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने घासावा, चिखल पुसून घ्यावा आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

पुढे काय लावावे

ओलीचे मूळ दुरुस्त झाले आणि भिंत सुकली की खाचा भरून घ्याव्यात. सिमेंटच्या भिंतीला पुट्टी आणि प्रायमर लावून पाण्यात कालवलेला रंग देता येतो. सिमेंटचा नवा गिलावा केला असेल तर सुमारे चार आठवडे थांबावे. चुन्याच्या गिलाव्याची दुरुस्ती मात्र चुन्यानेच व्हावी. त्यावर सिमेंटचे ठिगळ दिले तर ओल त्या टणक भागाभोवती अडते आणि शेजारचा जुना गिलावा भुसभुशीत होऊन गळू लागतो. अशा भिंतीला चुन्याची सफेदी किंवा वाफ सोडणारा खनिज रंग योग्य. सफेदी कवडीमोल समजली जाते. परंतु अल्कधर्मी असल्याने तिच्यावर बुरशी सहसा धरत नाही.

पुन्हा वॉलपेपरच हवा असेल तर तो आतील आडभिंतीवर लावावा. पावसाचा मारा सोसणारी बाहेरची भिंत, न्हाणीघराची भिंत आणि वातानुकूलन यंत्राखालची भिंत या तीन जागा टाळाव्यात. विनाइलऐवजी वाफ सोडणारा कागद निवडावा आणि त्याआधी भिंतीला प्रायमर लावून घ्यावा. पुढच्या वेळी तो काढणाऱ्याचे श्रम त्यामुळे निम्म्यावर येतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी काम सुरू करण्यापूर्वी घरमालकाची संमती घ्यावी आणि भिंतीची छायाचित्रे काढून ठेवावीत. कागदाखाली आधीपासून असलेली ओल कोणाची जबाबदारी, हा वाद अनामत रक्कम परत करण्याच्या वेळी उद्भवू नये, यासाठी ही खबरदारी पुरते.

काढलेला विनाइल कागद परसात जाळण्याची सवय घातक आहे. त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा दाहक वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. असा कागद पिशवीत बांधून पंचायतीच्या किंवा पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्यावा.

एका भिंतीचे हे काम नवशिक्या हातांना दिवसभर पुरते आणि भिंत सुकण्यास त्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. ते दिवस घर ओकेबोके दिसते. पाहुण्यांसमोर संकोचही वाटतो. तरी तेवढा धीर धरलेल्या घरात पुढच्या पावसाळ्यात ओल कोठून येते, हे निदान सर्वांना ठाऊक असते आणि मृगाच्या सरी पडण्याआधी नेमकी कोणती फट बुजवायची, हेही.